लॅपटॉपचा डीव्हीडी ड्राइव्ह बिघडलाय? बदलण्याआधी आणि बदलताना हे पाहा

जोयडा : नवीन लॅपटॉपमध्ये आता डीव्हीडी ड्राइव्ह येत नाही. पण जोयडा तालुक्यात अनेक घरांतून जुने लॅपटॉप अजून वापरात आहेत आणि कपाटात सीडी-डीव्हीडीही आहेत. लग्नाचे शूटिंग, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन असे बरेच काही त्यात असते. काळी नदीवरील सुपा धरणात जुने सुपा गाव गेले, अनेक कुटुंबे रामनगरला वसली. मागे राहिलेल्या गावाचे फोटो कुणी सीडीवर उतरवून ठेवले असतील, तर ते पुन्हा काढता येणार नाहीत. जंगलभागात नेटवर्क धड नसल्याने सगळे ऑनलाइन ठेवणेही जमत नाही. त्यामुळे बिघडलेला ड्राइव्ह वेळेत बदलून घेतलेला बरा.

खरेच बिघडलाय का?

डीव्हीडीतल्या फाइल दिसतात पण सिनेमा लागत नाही, ही तक्रार नेहमीची. विंडोज 10 मध्ये डीव्हीडी सिनेमा चालवण्याची सोय मुळात दिलेली नाही. व्हीएलसी हा मोफत प्लेअर टाकला की काम होते.

डिस्क वाचतच नसेल तर दुसरी चांगली डिस्क घालून बघावी. पावसाळ्यातल्या ओलीने डिस्कवर बुरशी धरते. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवू नये. ट्रे अडकला असेल तर लॅपटॉप बंद करून पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप हळूच दाबायची, ट्रे बाहेर येतो. एवढे करूनही कुठलीच डिस्क चालत नसेल, तर ड्राइव्ह गेला समजावे.

कोणता ड्राइव्ह घ्यावा?

दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत. पहिली जाडी : ड्राइव्ह बहुधा 12.7 किंवा 9.5 मिलिमीटरचे असतात. दुसरी जोडणी : बहुतेकांना साटा लागते, फार जुन्या लॅपटॉपना आयडीई. दोन्ही एकमेकांत बसत नाहीत. म्हणून दांडेली किंवा बेळगावला जाण्याआधी जुना ड्राइव्ह काढून सोबत न्यावा, म्हणजे दुसरी खेप पडत नाही.

बदलायचा कसा?

1. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा. बॅटरी निघणारी असेल तर तीही काढावी.
2. लॅपटॉप उलटा करावा. बऱ्याच मॉडेलमध्ये ड्राइव्ह एकाच स्क्रूवर असतो. त्याजवळ डिस्कचे छोटे चित्र असते.
3. स्क्रू काढून ड्राइव्ह बाजूने सरळ ओढावा. येत नसेल तर जोर लावू नये, आणखी एखादा स्क्रू राहिलेला असतो. काही मॉडेलना खालचे झाकण उघडावे लागते, ते काम दुकानात द्यावे.
4. जुन्या ड्राइव्हची पुढची प्लास्टिक पट्टी आणि मागची धातूची क्लिप नव्याला लावावी. हे विसरले तर ड्राइव्ह नीट बसत नाही.
5. नवा ड्राइव्ह सरळ आत सरकवून स्क्रू लावावा. वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही.

ट्रे उघडा असताना आतल्या लेन्सला बोट लावू नये.

दुसरे दोन पर्याय

यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घेतला तर काहीच उघडावे लागत नाही आणि तो घरातल्या नव्या लॅपटॉपलाही चालतो. डिस्क फारशा वापरत नसाल तर ड्राइव्हच्या जागी कॅडी बसवून त्यात एसएसडी घालता येते. जाडी इथेही बघून घ्यावी.

आधी कॉपी करा

ड्राइव्ह चालू झाला की पहिले काम डिस्कमधला मजकूर उतरवून घेण्याचे. सीडीत साधारण 700 एमबी, तर साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावते. म्हणजे 32 जीबीच्या पेनड्राइव्हवर भरलेल्या सहा डीव्हीडी बसतात. एक प्रत घरी आणि एक गोवा, बेळगाव किंवा पुण्यातल्या नातेवाइकांकडे ठेवावी. डिस्क खराब व्हायला लागली की ती कुणाला सांगून होत नाही.