न्यास आणि वारसा वाद : मध्यस्थीची वाट व तिच्या मर्यादा

इंदूरच्या होळकर संस्थानातील ‘खासगी’च्या उत्पन्नातून देशभरातील देवळे, घाट व धर्मशाळांची व्यवस्था चाले. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर १९६२ मध्ये त्यांच्यासाठी खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट स्थापन झाला. पुढे हरिद्वारच्या घाटासह काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उद्भवला. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने २०२० मध्ये मालमत्ता सरकारच्या ठरवल्या. सर्वोच्च न्यायालयाने २१ जुलै २०२२ रोजी तो निष्कर्ष अमान्य केला. मात्र हा सार्वजनिक न्यास असून १९५१ च्या राज्य कायद्यानुसार निबंधकाच्या पूर्वपरवानगीविना त्याची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, असे स्पष्ट केले.

असा वाद मध्यस्थीने मिटला असता काय? विश्वस्त आणि खरेदीदार यांच्यात एकमत झाले, तरी निबंधकाच्या परवानगीची उणीव भरून निघत नाही. घाटावर हक्क असलेला भाविक त्या बैठकीत नसतो. म्हणूनच २०१० च्या ‘अ‍ॅफकॉन्स’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक हिताचे प्रातिनिधिक दावे, तसेच देवता व अज्ञान यांच्याविरुद्धचे दावे सामान्यतः अशा मार्गास अयोग्य मानले.

कौटुंबिक वाटणीचे वाद मात्र त्याच निकालाने योग्य ठरवले. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ अन्वये न्यायालय पक्षकारांना मध्यस्थाकडे पाठवू शकते. लवादाप्रमाणे मध्यस्थ निवाडा देत नाही. तो दोन्ही बाजूंना बोलते करतो आणि ते बोलणे गोपनीय राहते. तडजोड झाल्यास ती लेखी व स्वाक्षरीयुक्त असावी लागते; न्यायालय तिची वैधता पाहून हुकूमनामा करते. वारसांत अज्ञान असल्यास त्याच्या वतीने तडजोडीस न्यायालयाची परवानगी आवश्यक असते. घर कोणी राहावे, देवघर व वार्षिक उत्सव कोणी सांभाळावा, हे निकालपत्रात न मावणारे प्रश्न येथे सुटू शकतात.

गोव्यातील इन्व्हेंटरी प्रक्रियेतही वारसांच्या एकमताला मोल आहे. परंतु एकमत आणि दडपण यांत भेद आहे. भावाच्या शब्दाखातर बहिणीने केलेली सही ही तडजोड नव्हे. मालमत्तेची पूर्ण यादी, आपला कायदेशीर वाटा व स्वतंत्र वकिलाचा सल्ला हाती असल्याखेरीज कोणीही सही करू नये.