खाट आणि रजा : नागपुरातील स्त्री-आरोग्याचे दोन प्रवाह

नागपूरच्या स्त्री-आरोग्याचा इतिहास बहुधा रुग्णालयांच्या नावांनी सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. खाट कोणी दिली हे त्यातून कळते. खाटेपर्यंत कोणाला पोहोचता आले, हे कळत नाही.

पहिला प्रवाह खाटेचा. 1885 मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडातून देशभर स्त्रियांसाठी रुग्णालये उभी राहिली. नागपूरचे डफरिन, म्हणजे आजचे डागा रुग्णालय, त्याच परंपरेतले. स्कॉटिश मिशनचे मूर मेमोरियलही स्त्रियांसाठीच निघाले. तरीही विटाळाच्या कल्पनेने जखडलेल्या घरांतली बाळंतीण अंधाऱ्या खोलीतच राही. ही कोंडी फोडली ती अकाली वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी. डफरिनमध्ये परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने 1921 मध्ये मातृसेवा संघ सुरू केला. परक्या राजवटीच्या रुग्णालयातली विद्या अशा रीतीने मराठी घराच्या ओळखीची झाली. परिचारिकेचे काम हलके मानले जाण्याच्या त्या काळात विधवेने सुईणपण पत्करणे, हेच एक सामाजिक बंड होते.

दुसरा प्रवाह रजेचा. 1877 मध्ये सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये अनेक स्त्रिया राबत. रोजंदारी बुडाली की चूल थंड. अशा बाईला सूतिकागृहाचा उपयोग काय? हा प्रश्न कामगार स्त्रियांनीच पुढे आणला. गिरणी कामगार राधाबाई कांबळे यांनी 1929 साली नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे साक्ष दिली. मुंबई प्रांतापाठोपाठ 1930 मध्ये मध्य प्रांतातही प्रसूती लाभ कायदा झाला.

जुलै 1942 मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे यांनी संततिनियमनाचा उघड पुरस्कार केला. परिषदेने गिरणी, विडी, नगरपालिका आणि रेल्वेतील स्त्रियांसाठी वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची भरपगारी रजा आणि 20 वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा 15 रुपये निवृत्तिवेतन मागितले. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी या मागण्याही त्याच व्यासपीठावरून झाल्या. शरीर, संसार आणि मजुरी वेगळी काढता येत नाहीत, हे त्या स्त्रियांना अनुभवाने ठाऊक होते.

हे दोन प्रवाह एका छत्राखाली आले नाहीत. त्यांच्यामध्ये जातीची आणि वर्गाची भिंत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परिणामांच्या दृष्टीने ते परस्परपूरक ठरले. एकाने प्रशिक्षित हात दिले, दुसऱ्याने त्या हातांपर्यंत पोहोचण्याची उसंत मागितली. घरकाम करणाऱ्या आणि बांधकामावर राबणाऱ्या कितीतरी बायांना आजही पगारी बाळंतरजा मिळत नाही. म्हणून 1942 च्या त्या मागण्या मला जुन्या वाटत नाहीत.