कानशीविना जुळलेले इंजिन

मोटारीचे इंजिन उघडणे सोपे, पण ते पुन्हा जुळविणे अवघड, हे कोणताही मेस्त्री सांगेल. म्हणूनच तो उघडताना दट्ट्यांवर व टोप्यांवर खुणा घालून ठेवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी ही सावधगिरी मोटारीच्या बहुतेक भागांस लागू होती. कारखान्यात भाग अदमासे मापाचे होत. मग कुशल कारागीर कानशीने घासून प्रत्येक भाग त्याच्या शेजाऱ्याशी बसवून देई. अशी मोटार देखणी असे खरी, परंतु तिचा दट्ट्या तिच्या सख्ख्या बहिणीसही बसत नसे. आणि इंग्लंडात या हातबसणीचा अभिमान होता!

त्या अभिमानास १९०८ साली मोठा धक्का बसला. अमेरिकेच्या कॅडिलॅक मोटारीचे लंडनमधील विक्रेते फ्रेडरिक बेनेट यांनी रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या कसोटीस तीन मोटारी दिल्या. त्या एकाच सिलिंडरच्या, साध्याच होत्या. ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर नेऊन त्या पार सुट्या करण्यात आल्या. प्रत्येकीचे ७२१ भाग. त्या सर्वांची एकत्र सरमिसळ केली. त्यांतून ८९ भाग काढून घेतले व विक्रेत्याच्या साठ्यातील नवे त्यांच्या जागी टाकले. मग त्या ढिगातून तीन मोटारी पुन्हा उभारावयाच्या. हत्यारे म्हणजे पाने, पेचकस यांसारखी साधी. कानस चालविण्यास मनाई! मोटारी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे रंग विजोड, विदूषकाच्या अंगरख्यासारखे होते. तरी त्या सुरू झाल्या आणि प्रत्येकीने ५०० मैलांची धाव पुरी केली.

बेनेट यांस माल खपवावयाचा होता, हे उघडच आहे. परंतु जाहिरातीने भोक सरळ पडत नाही. खरे श्रेय कारखान्याच्या हेन्री लेलंड यांचे. १८४३ साली जन्मलेल्या लेलंड यांनी अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात काम केले होते, आणि पुढे ब्राउन अँड शार्प या सूक्ष्म मापांच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध कारखान्यात. रणांगणावर बंदुकीचा मोडका घोडा घासत बसण्यास सवड नसते. दुसरा चटकन बसला पाहिजे. ती शिस्त त्यांनी मोटारीस लावली. भोके नेमक्या जागी पाडण्यासाठी साचे, प्रत्येक भागास मापपट्ट्या, आणि इंचाच्या हजाराव्या अंशापर्यंत हिशेब.

जोडणाऱ्याच्या हाती सरळपणा तपासण्याची खास साधने नव्हती, याचे नवल वाटते खरे. पण ती साधने नाहीशी झाली नव्हती. ती अगोदरच डेट्रॉइटच्या कारखान्यात वापरून झाली होती. मेस्त्रीस फक्त पेच आवळावयाचे उरले. एका सिलिंडरच्या इंजिनाने काम सोपे केले हेही मान्य करावयास हवे. लांब दांड्यावर अनेक बेअरिंगे एका रेषेत आणणे याहून कठीण.

कॅडिलॅकला त्या वर्षाचा ड्यूअर चषक मिळाला. अमेरिकन मोटारीस तो प्रथमच मिळत होता. तीनांपैकी एक मोटार क्लबने कुलूपबंद ठेवली होती. जूनमध्ये ती २००० मैलांच्या चाचणीसाठी बाहेर काढली, आणि आपल्या वर्गात ती पहिली आली.