हातोडा आणि करारपत्र

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी शंका काढणाऱ्याला ‘लडाइट’ ठरवून गप्प करण्याची रीत आता रूढ झाली आहे. लडाइट म्हणजे यंत्रद्वेष्टा, असा सरसकट अर्थ त्यामागे गृहीत असतो. इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात १८११ च्या मार्चमध्ये मोजे विणणाऱ्या कारागिरांनी माग फोडायला सुरुवात केली. ‘नेड लड’ या काल्पनिक सेनापतीच्या नावाने मालकांना धमकीची पत्रे जाऊ लागली. वास्तविक मोज्यांचा माग विल्यम ली याने १५८९ मध्येच तयार केला होता आणि हे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच पोट भरत होते. रुंद मागावर सलग कापड विणून, ते कापून-शिवून हलके मोजे बनवायचे आणि उमेदवारी न केलेल्या पोरांना कमी मजुरीवर कामाला बसवायचे, हा नवा व्यवहार त्यांना सलत होता. म्हणूनच माग निवडून फोडले गेले. रास्त मजुरी देणाऱ्यांचे बहुधा वाचले.

सरकारने या गुन्ह्याला देहान्त शिक्षा ठरवली. त्या विधेयकाविरुद्ध २७ फेब्रुवारी १८१२ रोजी बायरनने लॉर्ड्सच्या सभागृहातील आपले पहिले भाषण केले. विधेयक तरीही संमत झाले.

कारागिरांनी हातोडाच का उचलला? १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांना संघटना करण्याची मनाई होती. ते कायदे रद्द झाले १८२४ मध्ये. यंत्रफोड ही वाटाघाटीचीच एक रीत होती, असे इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी १९५२ मध्ये मांडले ते याच संदर्भात.

संघटना हाती असली म्हणजे काय घडते, हे २०२३ मध्ये अमेरिकेत दिसले. तेथील चित्रपट-दूरचित्रवाणी लेखकांचा संप २ मेपासून १४८ दिवस चालला. नव्या करारानुसार यंत्राला लेखक मानता येत नाही, त्याचा वापर लेखकावर लादता येत नाही, आणि हाती दिलेला मजकूर यंत्राने लिहिलेला असल्यास निर्मात्याला तसे सांगावे लागते. मात्र कंपनीच्या संमतीने लेखक स्वतः ते साधन वापरू शकतो.

नॉटिंगहॅमच्या विणकरांचेही भांडण वापराच्या अटींशीच होते. आपल्याकडे पानामागे दर घेऊन भाषांतर किंवा मुद्रितशोधन करणारे घरोघरी एकेकटे बसलेले असतात. यंत्राचा मसुदा ‘फक्त सुधारून’ देण्याचे काम त्यांच्याकडे येईल, तेव्हा दर ठरवताना त्यांच्या बाजूने कोण बसणार आहे?