पक्षाघातोत्तर पुनर्वसन

पक्षाघातोत्तर पुनर्वसन : मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याने किंवा तेथे रक्तस्राव झाल्याने अर्धे अंग लुळे पडते, त्यात जमेल तेवढे बळ व हालचाल परत आणण्याचे उपचार. बोलीत या आजाराला ‘लकवा मारला’, ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणतात. मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. मेंदूचे उरलेले भाग त्यांचे काम शिकतात, आणि त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. पुढे ती मंदावते, थांबतेच असे नाही.

हात व खांदा : लुळ्या हाताच्या भाराने खांद्याचा सांधा खाली ओघळतो. उठवताना काखेत हात घालून ओढले की तो दुखावतो, आणि पुष्कळदा त्या दुखण्यापायीच व्यायाम सुटतो. आधार कमरेला द्यावा. झोपताना हात उशीवर ठेवावा. चिमटीसाठी ताटातले तुरीचे दाणे एकेक वेचून वाटीत टाकणे पुरते. रबरी चेंडू दाबण्याबाबत मतभेद आहेत. मूठ आवळलेलीच राहत असेल तर बोटे उघडण्याचा सराव आधी हवा. बधिर अंगाला शेक देताना चटका बसल्याचे कळत नाही.

पाय : टणक खुर्चीवरून उठबस करावी; झोळ पडलेली बाज यासाठी निरुपयोगी.

वाचा : वाचोपचारतज्ज्ञाकडे जावे.

सातत्य : उदाहरणार्थ, पूर्णा (जि. परभणी) हे रेल्वे जंक्शन, नांदेड येथून सुमारे ३० किमी. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र रोजच्या व्यायामासाठी एवढा प्रवास म्हणजे रुग्णासोबत आणखी एकाचा दिवस मोडणे. सुगीत ते परवडत नाही. म्हणून भार घरच्यांवर येतो. घरच्यांना शिकवून काय साधते, हे भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवरील ‘अटेंड’ चाचणीत तपासले गेले (२०१७). सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्वाचे प्रमाण घरच्यांना शिकवलेल्या व न शिकवलेल्या अशा दोन्ही गटांत ४७ टक्के निघाले. यावरून घरचा व्यायाम व्यर्थ ठरत नाही, कारण दुसऱ्या गटालाही नेहमीचे उपचार मिळतच होते. घरच्यांना थोडे शिकवल्याने तज्ज्ञाची गरज संपत नाही, असाच त्याचा अर्थ घ्यावा. रुग्णाने व्यायाम सोडला की ‘त्याची जिद्दच नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट नियमित मिळायला हवा.

दुसरा झटका : बरे वाटले तरी रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तोंड वाकडे झाले, हात गळाला किंवा जीभ जड झाली तर १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.