पंच, प्रशिक्षक आणि न कळलेला निकाल

संतापलेल्या माणसाशी कसं बोलावं, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न. आज तो आपण ग्रंथांत न शोधता फुटबॉलच्या मैदानावर शोधू. तिथे पंचाला विचार करायला क्षणभर मिळतो, आणि बाजूला उभा प्रशिक्षक ऐकायच्या मनःस्थितीत नसतो.

२३ जुलै १९६६. लंडनचं वेम्बली मैदान, विश्वचषकाची उपउपांत्य फेरी, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. जर्मन पंच रुडोल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार अँतोनिओ रात्तीन याला वारंवार हुज्जत घातल्याबद्दल बाहेर काढलं. रात्तीनला जर्मन येत नव्हतं, पंचांना स्पॅनिश येत नव्हतं. रात्तीन दंडावरची कर्णधाराची पट्टी दाखवत दुभाषा मागत राहिला आणि बराच वेळ मैदान सोडेना. शेवटी पंचांचे प्रमुख केन ॲस्टन यांना मैदानात उतरावं लागलं.

ॲस्टन पेशाने शिक्षक. घरी परतताना रस्त्यावरचा सिग्नल पाहून त्यांना कल्पना सुचली: पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांबा. १९७० च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डं आली. भाषेची अडचण मिटली.

पण आता बघा, मिटलं काय? निकाल कळू लागला, कारण नाही. न्याय होणं ही एक गोष्ट, आणि तो ज्याच्याविरुद्ध गेला त्याला तो समजणं ही दुसरी. कार्ड पहिल्या गोष्टीपुरतंच बोलतं.

प्रशिक्षकाची गोष्ट आणखी वेगळी. तो खेळत नाही, शिट्टीपासून लांब उभा असतो, आणि हरल्याचा जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो. १९९१ मध्ये चौथा पंच नियमात आला, तेव्हा दोन्ही संघांच्या बाकांजवळ उभं राहून ऐकून घेणारं कुणीतरी मिळालं. २०१९ पासून प्रशिक्षकांनाही कार्डं दाखवता येऊ लागली. त्यातली एक बारीक गोष्ट आपण लक्षात घेऊ. साध्या नापसंतीसाठी आधी तोंडी समज. उघड निषेधासाठी पिवळं. शिवीगाळ किंवा अंगावर जाणं यासाठी लाल. म्हणजे नियमानेच मान्य केलं की नाराजी हा गुन्हा नव्हे. मात्र बाकावरून कुणी आगळीक केली आणि तो ओळखता आला नाही, तर शिक्षा तिथे हजर असलेल्या मुख्य प्रशिक्षकाला. ज्याच्यावर इतरांची जबाबदारी टाकली, त्याच्याशी आधी बोलायला नको का?

मग पंचाने करावं काय? एक वाक्य शांतपणे ऐकावं. एका वाक्यात कारण सांगावं: ‘बचावपटूचा हात शरीरापासून लांब होता.’ पटवून द्यायच्या फंदात पडू नये. वाद जिंकणं हे पंचाचं काम नाही. प्रश्न असेल तर उत्तर द्यावं, शेरेबाजी असेल तर सोडून द्यावी, आणि हद्द ओलांडली तर समज द्यावी, तीही चारचौघांत अपमान न करता.

रात्तीनला दुभाषा मिळाला असता तर निकाल बदलला असता असं नाही. पण आपल्याला कशासाठी बाहेर काढलं, हे त्याला त्याच्या भाषेत कळलं असतं. चिडलेल्या माणसाला निदान एवढं तरी आपण देणं लागतो.