‘परमेश्वरप्रेरित’ : एका शब्दाची कुळकथा

मराठीत ‘शास्त्रापुरते’ म्हणजे नावापुरते. पानात शास्त्रापुरते गोड वाढले, एवढ्यावर काम भागते. मराठी बायबलच्या मुखपृष्ठावर मात्र ‘पवित्र शास्त्र’ अशी अक्षरे असतात, आणि तिथे शास्त्र नावापुरते नसते. सारी भिस्त त्याच्यावरच असते. मग प्रश्न येतो : हे लिहिले तर माणसांनी, कोणी मेंढपाळ, कोणी कोळी, कोणी जकातदार. ते देवाचे कसे? मराठी ख्रिस्ती माणसाचे उत्तर एका जोडशब्दात आहे, ‘परमेश्वरप्रेरित’.

हा शब्द ज्याच्या जागी बसला, तो ग्रीक शब्द ‘थेओप्नेउस्तोस’. सबंध बायबलमध्ये तो एकदाच येतो, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या वचनात. ‘थेओस’ म्हणजे देव आणि ‘प्नेओ’ म्हणजे फुंकर घालणे, श्वास सोडणे. देवाच्या श्वासातून निघालेले, असा त्याचा सरळ अर्थ. लॅटिन भाषांतरात ‘इन्स्पिराता’ आले. त्यातही श्वास टिकला. मराठीत तो हरवला. ‘प्रेरित’मधला ‘ईर्’ हा धातू हलवण्याचा, पुढे लोटण्याचा आहे. श्वासाचा धक्का झाला.

गंमत अशी की, श्वासाचा शब्द आपल्याकडे तयार होता. बृहदारण्यक उपनिषद वेदांना त्या महान सत्तेचे ‘निःश्वसित’ म्हणते. ग्रीक शब्दाला याहून जवळचा सोयरा शोधून सापडणार नाही. पण हे सोयरिकीचे नाते वरवरचे आहे. मीमांसकांच्या लेखी वेद अपौरुषेय, त्यांना कर्ताच नाही. बायबलची पुस्तके मात्र कर्त्यांसकट येतात : लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की, आपण सर्व गोष्टींचा नीट शोध केला. लेखणी, स्वभाव, भाषा माणसाची, प्रेरणा देवाची. या अर्थाला ‘प्रेरित’ अधिक मानवतो. अखेर प्रेरणा द्यायची तर समोर माणूस लागतोच.

त्या वचनात आणखी एक मेख आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘आहे’ हे क्रियापदच नाही. त्यामुळे दोन वाचने होतात. एक, सर्व शास्त्र देवप्रेरित आहे आणि उपयोगीही आहे. दुसरे, जे शास्त्र देवप्रेरित ते उपयोगी आहे. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी आवृत्तीने ‘परमेश्वरप्रेरित’ हे विशेषण करून दुसरी वाट धरली.

असे निर्णय भाषांतरकाराला पावलोपावली घ्यावे लागतात. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने 1805 मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान छापले, 1811 मध्ये नवा करार. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत सबंध बायबल उतरवले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. वेदविद्येच्या घरात वाढलेल्या या विदुषीला शास्त्र साध्या बाईच्या हाती द्यायचे होते.

वाशीमला ‘प्रेरित’ या शब्दाचा आणखी एक धागा येऊन मिळतो. इंग्रजांच्या दप्तरातल्या या ‘बासीम’ला आधी मेथडिस्ट मिशन होते, 1930 च्या दशकात ते काम नाझरीन मंडळीकडे आले. 1938 मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी सुरू केलेले रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल याच मंडळीचे. नाझरीन मंडळी 1908 मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासात एकवटली. 1928 मध्ये तिने शास्त्राविषयीचे आपले कलम नव्याने घडवले : शास्त्र पूर्णतः प्रेरित आहे, आणि तारणाला आवश्यक अशा सर्व बाबतींत ते देवाची इच्छा निर्दोषपणे प्रकट करते.

‘तारणाला आवश्यक’ ही मर्यादा फार मोलाची ठरली. त्या काळी अमेरिकेत बायबलचे अक्षरन् अक्षर, अगदी भूगोल आणि जीवशास्त्रातही, अचूक की नाही यावर मंडळ्या फुटत होत्या. नाझरीनांनी निर्दोषपणा तारणाशी बांधला. 1965 मध्ये रोमच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही प्रकटीकरणावरच्या आपल्या दस्तऐवजात सत्य तारणाच्या हेतूशीच जोडले. वाट निराळी, मुक्काम शेजारचा.

याचा व्यवहारातला अर्थ मोहरीच्या दाण्यावर कळतो. येशू दृष्टांतात मोहरी सर्व बियांत लहान असल्याचे सांगतो. वाशीमच्या कुठल्याही किराणा दुकानात मोहरीशेजारी खसखशीची बरणी असते, आणि खसखस मोहरीपेक्षा बारीक असते हे गिऱ्हाइकालाही दिसते. अक्षराला चिकटणाऱ्याला इथे खुलासे शोधावे लागतात. 1928 च्या कलमाने वाचणाऱ्याला बरणी झाकून ठेवावी लागत नाही. दृष्टांत देवाच्या राज्याविषयी आहे, हे तो जाणतो, आणि मोहरी फोडणीला घालतो.